ब्रेड मशीनमधला आमिश व्हाइट ब्रेड मधोमध खचतोय, प्रमाण कुठे चुकतं?

शेगडी (कोलंबस, ओहायो)

आमिश (अमेरिकेतला जुन्या, साध्या रीतीने राहणारा ख्रिस्ती समाज) पद्धतीचा गोडसर, मऊ पांढरा ब्रेड ब्रेड मशीनमध्ये करायचा आहे. मशीन दीड पौंडाचा ब्रेड होईल एवढं आहे, भांडं उभट, पातं एकच. हाताने मळून दोन लोफ करायची जी कृती सगळीकडे दिसते, तिचं बरोबर निम्मं घेतलंय:

ब्रेड फ्लोअर (जास्त प्रथिनांचं पांढरं गव्हाचं पीठ) ३ कप (चमच्याने हलकेच कपात भरून, वरून सपाट करून), कोमट पाणी १ कप (११० फॅरनहाइट), साखर पाव कपाहून थोडी जास्त म्हणजे एक तृतीयांश कप, तेल २ मोठे चमचे, कोशर मीठ पाऊण छोटा चमचा, अ‍ॅक्टिव्ह ड्राय यीस्टचं एक पाकीट (७ ग्रॅम). प्रोग्रॅम बेसिक, क्रस्ट मीडियम.

दोनदा करून दोन्ही वेळा तोच प्रकार. फुगताना पीठ झाकणाच्या काचेला टेकतं, भाजायला लागल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत मध्ये खड्डा पडतो. कापल्यावर वरच्या भागात मोठी भोकं, खाली दोन बोटं गच्च थर. चव चांगली, पण वास जरासा दारूसारखा येतो.

पाणी कमी करू का? की यीस्ट? आणि मशीनमध्ये फक्त मळून ओव्हनमध्ये भाजलं तर जास्त बरं का?

---

तराजू

काचेला टेकणं, मधला खड्डा आणि दारूसारखा वास, तिन्ही खुणा एकाच गोष्टीच्या आहेत. पीठ गरजेपेक्षा जास्त फुगलंय. भाजणी सुरू होते तेव्हा त्याची जाळी ताणून ताणून पातळ झालेली असते. उष्णतेने आतला वायू आणखी प्रसरण पावतो, भिंती फुटतात आणि माथा खाली बसतो. तळाचा गच्च थर हा बसलेल्या ब्रेडचाच.

मूळ कृती चुकीची नाही, ती हाताची आहे. हाताने करताना पीठ दुप्पट झालं की माणूस ते दाबतो, मग ते चाळीस मिनिटांत होवो की दीड तासात. मशीन मिनिटं मोजतं. पीठ पंधरा मिनिटं आधी तयार झालं तरी ते थांबूनच राहतं. म्हणून मशीनच्या कृतीत यीस्टचा वेग आधीच बांधून ठेवावा लागतो. तुमच्या मापांत तो कुठे सुटलाय ते पाहू.

सगळ्यात मोठी गडबड मिठाची आहे. कोशर मीठ पापुद्र्यासारखं असतं, चमच्यात पोकळ बसतं. साध्या बारीक मिठाचा एक छोटा चमचा म्हणजे साधारण ६ ग्रॅम. हलक्या जातीच्या कोशर मिठाचा तेवढाच चमचा ३ ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे तुमच्या पाऊण चमच्यात जेमतेम २ ग्रॅम मीठ गेलं, पिठाच्या अर्ध्या टक्क्याच्या वर थोडं. ब्रेडला १.८ ते २ टक्के लागतं. मीठ फक्त चवीला नसतं, ते यीस्टला आवरतं आणि ग्लुटेनची, म्हणजे पिठातल्या प्रथिनांच्या लवचीक धाग्यांची, जाळी घट्ट करतं. दोन्ही कामं इथे झाली नाहीत.

दुसरं पिठाचं. चमच्याने हलकं भरलेला कप १२० ग्रॅमचा, डब्यात कप बुडवून काढला तर १४५ ते १५० ग्रॅमचा. तुमचं पीठ ३६० ग्रॅम, पाणी २३७, म्हणजे पिठाच्या ६६ टक्के. तोच कप बुडवून भरला असता तर ५४ टक्के झालं असतं आणि तुम्ही इथे 'ब्रेड विटेसारखा होतो' असं विचारत असता. कृती तीच, कप तोच, ब्रेड दोन टोकांचे. वीस डॉलरच्या आत मिळणारा स्वयंपाकाचा डिजिटल काटा घ्या, या ब्रेडसाठी त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

तिसरं, पाण्याचं तापमान. ११० फॅरनहाइट म्हणजे ४३ सेल्सिअस, हे वाटीत यीस्ट भिजवण्यासाठी आहे. मशीनमध्ये पात्याच्या घर्षणाने पीठ तापतं, शिवाय फुगवताना मशीन खालून ऊब देतं. मळून झाल्यावर पीठ २६-२७ सेल्सिअसला असावं, तुमचं बहुधा तिशीच्या वर गेलंय. पाणी २५ सेल्सिअसचं, म्हणजे बोटाला ना गार ना कोमट लागेल असं घ्या.

आता साखर, कारण यीस्टचा हिशेब तिच्याशी बांधलेला आहे. तुमची साखर ६७ ग्रॅम, पिठाच्या १८ टक्क्यांच्या वर. एवढी साखर पाणी स्वतःकडे ओढून घेते, यीस्टला ते कमी पडतं आणि ते मंद चालतं. म्हणूनच मूळ कृतीत यीस्ट जवळजवळ दुप्पट आहे. नुसतं यीस्ट कमी केलंत तर ब्रेड ठेंगणा होईल, नुसती साखर कमी केलीत तर आत्तापेक्षा जोरात उतू जाईल. दोन्ही बरोबर उतरवायचं.

दीड पौंडाच्या भांड्यासाठी हे घ्या:

ब्रेड फ्लोअर ३९० ग्रॅम
पाणी २३५ ग्रॅम
साखर ४२ ग्रॅम (३ मोठे चमचे आणि १ छोटा)
तेल २७ ग्रॅम (२ मोठे चमचे, वास नसलेलं)
बारीक मीठ ७ ग्रॅम (१ छोटा चमचा, शिगेचा)
इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम (सव्वा छोटा चमचा), अ‍ॅक्टिव्ह ड्राय असेल तर ५ ग्रॅम

दोन पौंडाच्या मशीनला पीठ ५१०, पाणी ३०५, साखर ५५, तेल ३५, मीठ ९, यीस्ट ५. साखर ११ टक्क्यांवर आली तरी ब्रेड स्पष्ट गोड लागतो. सँडविचच्या नेहमीच्या ब्रेडमध्ये याच्या निम्मीच असते.

अ‍ॅक्टिव्ह ड्राय वापरत असाल तर मोजलेल्या पाण्यातलंच अर्धी वाटी पाणी जरा कोमट करून त्यात चिमूटभर साखर घालून ते दहा मिनिटं भिजवा. त्याचे दाणे मोठे असतात, बाहेरचा मेलेला थर विरघळायला वेळ लागतो. इन्स्टंटला याची गरज नाही.

बहुतेक मशीनांत आधी पाणी, तेल, साखर, मीठ, मग पीठ, आणि पिठाच्या मधोमध बोटाने खळगा करून त्यात यीस्ट. काही कंपन्यांच्या मशीनांत बरोबर उलटा क्रम असतो, यीस्ट तळाशी आणि पाणी शेवटी. पुस्तिकेत असेल तो क्रम पाळा.

आणि सर्वांत महत्त्वाचं, मळणी सुरू झाल्यावर सातव्या-आठव्या मिनिटाला झाकण उघडून बघा. मळताना झाकण उघडल्याने काही बिघडत नाही. गोळा भिंती सोडून पात्याभोवती एकसंध फिरत असावा, तळाशी रुपयाएवढ्या जागेत थोडा चिकटलेला. बोट लावलं तर चिकटतंय असं वाटावं, पण बोट कोरडं सुटावं. पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि पुरणपोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. भांड्याच्या कोपऱ्यांत पीठ माखून राहिलं असेल तर एक मोठा चमचा पीठ टाका आणि दोन मिनिटं थांबा. गोळा ठक ठक आपटत असेल, अंगावर भेगा असतील तर एक छोटा चमचा पाणी. एकदम जास्त काही घालू नका, पीठ पाणी शोषायला वेळ घेतं आणि साखर विरघळली की गोळा आपोआप थोडा सैल होतो.

---

भट्टी

तराजू यांच्या मापांना पूर्ण सहमती. प्रोग्रॅमबद्दल राहिलंय ते लिहितो.

बेसिक किंवा व्हाइट प्रोग्रॅम साधारण तीन ते साडेतीन तासांचा असतो. यासाठी तोच ठीक, क्रस्ट मात्र लाइट ठेवा. साखरेमुळे कडा लवकर काळपट होतात, कारण हीटर भांड्याच्या खाली आणि बाजूने असतो. स्वीट प्रोग्रॅमही चालतो, तो कमी उष्णतेवर भाजतो. रॅपिड किंवा एक्स्प्रेस प्रोग्रॅम या ब्रेडला लावू नका. त्यात यीस्ट वाढवून वेळ कापलेला असतो, गोड पीठ तेवढ्या वेळात फुगत नाही.

या कृतीत दूध-अंडं नसल्यामुळे टायमर लावून रात्रभर ठेवता येतं. फक्त पाणी गार घ्या, मीठ पाण्यात आणि यीस्ट पिठाच्या डोंगरावर कोरडं राहील असं बघा.

ओव्हनचं विचारलंत. चांगला आकार आणि वरून सारखा रंग हवा असेल तर हो, मशीनमध्ये फक्त डो प्रोग्रॅम (मळणं आणि फुगवणं एवढंच) आणि भाजणी ओव्हनमध्ये. या ब्रेडची खरी जाळी, म्हणजे कापल्यावर दिसणारी भोकं, बारीक आणि सारखी असते. ती गुंडाळीमुळे येते, आणि मशीन गुंडाळी करू शकत नाही. डो प्रोग्रॅम संपला की पीठ ओट्यावर काढा, तळव्याने थापून आत साठलेला वायू काढा, साधारण २० सेंटिमीटर रुंद चौकोन करा. आपल्याकडून सुरू करून घट्ट गुंडाळत न्या, प्रत्येक वळशाला अंगठ्याने शिवण दाबा. शेवटची शिवण चिमटीत धरून बंद करा आणि ती खाली येईल असा लोफ टिनमध्ये ठेवा. ३९० ग्रॅम पिठाला साडेआठ बाय साडेचार इंचाचा टिन. नऊ बाय पाच घेतलात तर ब्रेड बुटका दिसेल आणि तुम्ही परत यीस्टला दोष द्याल.

टिनच्या काठाच्या वर मधला भाग एक इंच आला की ओव्हनमध्ये, ३५० फॅरनहाइट (१७५ सेल्सिअस), ३० ते ३५ मिनिटं. घड्याळापेक्षा बोट विश्वासाचं: पिठावर हलकं दाबलं आणि खळगा हळूहळू अर्धवट भरून आला तर वेळ झाली. लगेच भरून आला तर थांबा, अजिबात भरला नाही तर उशीर झालाय. वीस मिनिटांनी रंग गडद वाटला तर वरून फॉइल सैल झाका. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ८८ ते ९१ सेल्सिअस. बाहेर काढल्या काढल्या माथ्यावर लोणी फिरवा, वरचं कवच मऊ राहतं.

---

होम्सकाउंटी

थोडी भर, आणि एका बाबतीत मतभेद.

आमिश व्हाइट ब्रेड अशी एकच ठरलेली कृती नाही. पेन्सिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी, ओहायोतली होम्स काउंटी, इंडियानातला एल्कहार्ट-लाग्रेंज भाग, या सगळ्या वस्त्यांमध्ये घराघरात वेगळं माप. तेलाऐवजी लार्ड (डुकराची चरबी), पाण्याऐवजी दूध किंवा बटाटे उकडलेलं पाणी. समान धागा म्हणजे पांढरं पीठ, सढळ हाताची साखर, आणि एका वेळी अनेक लोफ. ओल्ड ऑर्डर, म्हणजे जुनी रीत काटेकोर पाळणारी, आमिश घरं सहसा बाहेरच्या तारेवरची वीज घेत नाहीत, म्हणून मळणं हाताचं आणि भाजणं गॅसच्या किंवा लाकडाच्या ओव्हनवर. त्यांची प्रार्थनासभा सहसा एक रविवार आड कुणाच्या तरी घरी भरते आणि नंतरच्या जेवणात हाच ब्रेड शेंगदाण्याच्या गोड लोण्याबरोबर वाढतात. शेकडो काप लागतात. असा ब्रेड दुसऱ्या दिवशीही मऊ राहायला हवा आणि त्यावर जाड काही पसरलं तर फाटता कामा नये. साखर आणि तेलाचं प्रमाण जास्त असण्यामागे हे एक कारण समजा, दोन्हींमुळे ब्रेड उशिरा शिळा होतो.

म्हणून मतभेद साखरेचा. ११ टक्के हा चांगला सँडविच ब्रेड आहे, पण ओहायोतल्या आमिश बेकरीतला घास ज्याला हवा आहे त्याला तो कमी गोड लागेल. तुम्ही कोलंबसला आहात, होम्स काउंटी दीड-दोन तासांवर. तिथला ब्रेड चाखून ठरवा. १५ टक्क्यांपर्यंत जायचं असेल तर साखर ५८ ग्रॅम करा, पाणी २२५ वर आणा आणि यीस्ट बदला. गोड पिठासाठीचं ऑस्मोटॉलरंट यीस्ट सोनेरी पाकिटात मिळतं, तेच ४ ग्रॅम. साधं यीस्ट साखरेत मंदावतं तसं ते मंदावत नाही, त्यामुळे प्रमाण वाढवावं लागत नाही. प्रोग्रॅम मग स्वीटच लावा.

शोधताना 'आमिश फ्रेंडशिप ब्रेड' समोर येईल, तो हा नव्हे. ते दालचिनीचं, जवळजवळ केकसारखं प्रकरण आहे, दहा दिवस जोपासलेल्या गोड आंबवणावर करतात. त्याची मापं इथे लावू नका.

---

मैदा_की_आटा (पुणे)

हा धागा भारतातून वाचणाऱ्यांसाठी: वरची मापं ब्रेड फ्लोअरची आहेत. त्यात प्रथिनं १२ ते १३ टक्के असतात, आपल्या किराणा दुकानातल्या मैद्यात साधारण १० च्या आसपास. मैदा पाणी कमी पितो. ३९० ग्रॅम मैद्याला २२० ग्रॅम पाण्याने सुरुवात करा आणि गोळा बघून चमच्याचमच्याने वाढवा. ग्लुटेन पावडर मिळाली तर ८ ग्रॅम मैद्यात कोरडीच मिसळा, तीही पाणी पिते, तेव्हा आणखी एक मोठा चमचा पाणी लागेल. पोळीचा आटा यात नको. कोंड्याचे कण जाळी कापतात आणि जात्यावर दळताना पिठातला स्टार्च इतका दुखावलेला असतो की गोळा आधी घट्ट वाटतो आणि नंतर चिकट होत जातो.

आपली साखर जाड दाण्याची असते. आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, नाहीतर दाणे भांड्याचा लेप खरवडतात.

एप्रिल-मे मध्ये स्वयंपाकघर ३५ सेल्सिअसला असतं. तेव्हा फ्रिजमधलं पाणी आणि यीस्ट ३ ग्रॅम, नाहीतर शेगडी यांना पडलाय तोच खड्डा तुम्हालाही पडेल.

अमेरिकेतून मशीन घेऊन येणाऱ्यांनी लक्ष द्या. ते १२० व्होल्टचं असतं, इथे २३० व्होल्ट. मशीन ५०० ते ७०० वॉटचं असलं तरी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर (व्होल्टेज उतरवणारा) किमान १००० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा घ्या, भाजणी तासभर चालते आणि छोटा ट्रान्सफॉर्मर तापतो. आणि ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. तिथे ६० हर्ट्झ, इथे ५०. एसी मोटरचं मशीन असेल तर पातं सुमारे सहाव्या हिश्शाने हळू फिरतं आणि मळणी अपुरी राहते. यावर सोपा उपाय: मळणी संपली की मशीन बंद करून डो प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा म्हणजे पीठ आणखी मळलं जाईल, तो पूर्ण होऊ द्या, मग पीठ टिनमध्ये काढून ओव्हनमध्येच भाजा.

---

शेगडी

तराजू यांच्या मापाने केला, बारीक मीठ, वजनाने, पाणी २५ सेल्सिअस. सातव्या मिनिटाला गोळा कोपऱ्यांत माखत होता, एक मोठा चमचा पीठ घातलं आणि तीन मिनिटांत भिंती सुटल्या. माथा गोल राहिला, अजिबात खचला नाही, वासही नाही. जाळी बारीक आहे.

आता दोन गोष्टी उरल्यात. ब्रेड काढताना पातं आत अडकून तळाला मोठं भोक पडतं. आणि थंड झाल्यावर दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या, कंबर बारीक झाल्यासारख्या. भाजून झाल्यावर तासभर मशीनमध्येच कीप वॉर्मवर (ब्रेड गरम ठेवण्याची सोय) ठेवला होता.

---

भट्टी

कंबर कीप वॉर्मने गेली. गरम ब्रेडमधून वाफ निघत राहते, भांड्याच्या भिंतींना तिला वाट मिळत नाही, कडा ओल्या आणि मऊ होतात आणि माथ्याच्या वजनाने आत वाकतात. भाजणी संपल्याची शिटी झाली की पाच मिनिटांत ब्रेड बाहेर काढा आणि जाळीच्या स्टँडवर ठेवा, ताटात किंवा ओट्यावर नको, तळ घाम धरतो. बाजूंना वाऱ्याची मोकळी जागा हवी. तरी कंबर वाकली तर आत थर्मामीटर घालून बघा. ८८ च्या खाली असेल तर पुढच्या वेळी मीडियम क्रस्ट लावा, काही मशीनांत त्याने भाजणीची मिनिटंही वाढतात.

पात्यासाठी: शेवटचं दाबणं झालं की पातं काढून टाका. बहुतेक बेसिक प्रोग्रॅममध्ये भाजणी सुरू व्हायच्या साधारण तास-दीड तास आधी पातं शेवटचं काही सेकंद फिरतं, नेमकी वेळ तुमच्या पुस्तिकेतल्या तक्त्यात मिळेल. ते फिरणं थांबलं की हात तेलाने किंवा पाण्याने ओला करून पीठ अलगद बाहेर घ्या, पातं उपसा, पीठ चटकन गुंडाळून शिवण खाली करून परत भांड्यात ठेवा. झाकण दोन मिनिटांच्या वर उघडं राहू देऊ नका. आता तळाला फक्त दांड्याचं बोटभर छिद्र राहील, आणि गुंडाळी झाल्यामुळे जाळीही आणखी सारखी येईल.

---

तराजू

एक चमचा पीठ जास्त लागलं, म्हणजे तुमच्या ब्रँडच्या पिठाला २३० ग्रॅम पाणी पुरेल. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करा आणि आकडा पिठाच्या पिशवीवरच लिहून ठेवा, ब्रँड बदलला की तो बदलतो.

कापायची घाई करू नका, निदान दीड तास. गरम असताना सुरी आतला ओला स्टार्च चिरडते आणि काप गोळा होतात. कापायला दातेरी सुरी, ब्रेड आडवा पाडून बाजूने. दोन दिवसांचा बाहेर डब्यात राहील. त्यापुढचा काप करून थेट फ्रीझरमध्ये ठेवा, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात नको. तिथल्या तापमानाला ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर वातड होतो. फ्रीझरमधला काप तसाच टोस्टरमध्ये टाकता येतो.